मांजराची साखर मोजायची कुठे?

मधुमेह झालेल्या मांजराच्या घरी आज एक दिनक्रम ठरून गेलेला असतो. दर 12 तासांनी इन्सुलिन, त्याआधी कानाच्या कडेला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब, ग्लुकोमीटरवरचा आकडा वहीत, आणि मधूनमधून दिवसभर दर दोन तासांनी मोजून काढलेला साखरेचा आलेख. यातला कानावरचा थेंब जेमतेम पंचवीसेक वर्षांचा आहे. इन्सुलिन हाताशी आल्यानंतर कितीतरी दशकं मांजरांवर उपचार झाले ते माणसासाठी आणि कुत्र्यासाठी ठरलेल्या मापांनीच.

या रोगाच्या इतिहासात मांजर तसं उशिराच आलं. 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढून मधुमेह घडवून दाखवला तो कुत्र्यात. 1921 मध्ये टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधताना प्रयोग केले तेही कुत्र्यांवर. जानेवारी 1922 मध्ये माणसाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं आणि पुढची सगळी प्रगती माणसाच्या गरजेने झाली. गंमत अशी, की कुत्र्याचा मधुमेह बहुतेक वेळा इन्सुलिन जवळजवळ संपल्यामुळे होतो, तर मांजराचा आपल्या टाइप 2 च्या जवळचा: मध्यम वय उलटलेला, नसबंदी झालेला, घरात बसून वजन वाढलेला बोका हा त्याचा नेहमीचा रुग्ण. 1987 मध्ये स्वीडनच्या वेस्टरमार्क आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडातल्या पेशीपुंजांत साठणारं एक प्रथिन ओळखलं, ज्याला आज अमायलिन म्हणतात. ते सापडलं माणसाच्या एका गाठीत आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडात. म्हणजे माणसाचा मधुमेह समजायला मांजराची मदत झाली. उलट दिशेने मदत मात्र फार रेंगाळत आली.

औषधाचंच पाहा. मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळं आहे, डुकराच्या तीन आणि माणसाच्या चार. त्यामुळे गाईचं प्रमाण जास्त असलेलं, प्रोटामिन आणि जस्त मिसळून संथ केलेलं 1936 सालचं पीझेडआय इन्सुलिन मांजरांना चांगलं मानवत असे. मांजराच्या शरीरात इन्सुलिनचा असर लवकर ओसरतो. 1940 च्या दशकातलं एनपीएच नावाचं इन्सुलिन तर कित्येकदा पुढच्या डोसच्या बरंच आधी संपून जातं आणि मधले तास साखर चढीच राहते. संथ औषधाची गरज होती ती यामुळे. पण 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, माणसांना गाईच्या इन्सुलिनची गरज उरली नाही आणि मांजराला सर्वात जवळचं औषध दुकानातून हळूहळू दिसेनासं झालं. कंपन्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे, तरी मांजरवाल्यांचा राग रास्तच होता. मांजरांसाठी खास मान्यता घेऊन पीझेडआय अमेरिकेत परत आलं ते 2009 मध्ये, आणि तेही मानवी इन्सुलिनपासून बनवलेलं.

मोजणीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. बेनेडिक्टचं निळं द्रावण 1908 चं. लघवी टाकून उकळायची आणि रंग बघायचा. 1941 मध्ये त्याच्या गोळ्या आल्या, 1956 मध्ये बुडवायच्या पट्ट्या. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच वापरल्या आणि रोज सकाळच्या लघवीवरून इन्सुलिनचा डोस ठरवण्याची पद्धत पडली. वाळूत खड्डा करून वर नीट झाकून ठेवणाऱ्या प्राण्याची लघवी कशी मिळवायची हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी पद्धतीतच खोट होती. माणसाच्या लघवीत साखर उतरते ती रक्तात साधारण 180 (डेसिलिटरला मिलिग्रॅम) च्या वर गेली की. मांजराची मूत्रपिंडं 250 च्याही पुढे जाईपर्यंत ती अडवून धरतात. पट्टी कोरी निघाली तर साखर 230 आहे, 100 आहे की धोकादायक 45 आहे, हे कळायला मार्गच नाही. शिवाय लघवी म्हणजे कित्येक तासांची गोळाबेरीज. इन्सुलिन नेमकं कधी चढलं आणि कधी उतरलं ते तीत दिसत नाही.

रक्तासाठी डेक्स्ट्रोस्टिक्स 1965 ची आणि तिचा रंग वाचणारं पहिलं यंत्र 1970 चं, तेही दवाखान्यांसाठी. मग मांजराला दिवसभर दवाखान्यात ठेवून दर दोन तासांनी रक्त काढायचं आणि आलेख मांडायचा, ही रीत पडली. आलेखावरून दोन गोष्टी शोधायच्या: साखर सर्वात खाली किती गेली आणि डोसाचा असर किती तास टिकला. कल्पना चोख होती, जागा चुकीची होती. पिंजरा, शेजारचं भुंकणारं कुत्रं, चार हातांनी दाबून धरणं, यात मांजराची साखर स्वतःहून उसळते. 2002 मध्ये क्वीन्सलंडच्या जॅकी रँड आणि सहकाऱ्यांनी निरोगी मांजरांना काही मिनिटं पाण्याच्या फवाऱ्याखाली धरलं, तर त्यांचीसुद्धा साखर वाढली, आणि जी मांजरं जास्त झटापट करत होती त्यांची जास्त. अशा आकड्यावर विश्वास ठेवून डोस वाढवला, की घरी परतल्यावर शांत झालेल्या मांजराची साखर धोक्याच्या खाली घसरायची. 1990 च्या दशकात रूढ झालेल्या फ्रुक्टोसामाइन चाचणीने थोडा आधार दिला, कारण तिच्यावर त्या दिवसाच्या भीतीचा परिणाम होत नाही. पण ती सांगते मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी. आज रात्री किती द्यायचं, याचं उत्तर तिच्याकडे नाही.

खरी कोंडी फोडली झुरिचने. तिथल्या विद्यापीठात क्लाउडिया रॉइश आणि सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास दाखवून दिलं, की कुत्र्या-मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूने काढलेला एक थेंब हातातल्या मीटरला पुरतो. मग त्यांनी मालकांना ते शिकवलं. मालकांना हे जमणार नाही, अशी बऱ्याच डॉक्टरांची खात्री होती. बहुतेकांना जमलं. कान आधी कोमट करायचा, मागून कापसाचा बोळा धरायचा, कडेच्या शिरेलगत टोचायचं. अनेक मांजरं खाऊच्या आशेने बसूनही राहतात. याच गटाने 2007 मध्ये आणखी एक गैरसोयीची गोष्ट मांडली: त्याच मांजराचा, त्याच डोसवर, घरातच काढलेला आलेखही एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी वेगळा येतो. म्हणजे दवाखान्यातल्या एका आलेखावर डोस बदलण्याची सवय दुहेरी कच्ची होती.

मीटरचाही एक पेच आहे. माणसाच्या रक्तातली सुमारे 58 टक्के साखर प्लाझ्मात असते, बाकीची तांबड्या पेशींत. मांजरात प्लाझ्मातलं प्रमाण 93 टक्क्यांच्या आसपास आहे. माणसाच्या हिशेबाने जुळवलेलं यंत्र त्यामुळे मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठीची मीटरं याच कारणाने निघाली. माणसाचं मीटर वापरू नये असं नाही, पण कोणत्या मीटरचा आकडा ते डॉक्टरांना सांगावं आणि मध्येच यंत्र बदलू नये.

घरची मोजणी आणि ग्लार्जिन हे संथ इन्सुलिन एकत्र आले तेव्हा चित्र पालटलं. माणसासाठी दिवसातून एकदा म्हणून 2000 मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध मांजराला 12 तासांनीच द्यावं लागतं. रँड यांच्या गटाने नव्याने निदान झालेल्या 24 मांजरांत तीन इन्सुलिनं तोलली: ग्लार्जिनवरच्या आठही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटलं, पीझेडआयवरच्या आठांपैकी तिघांचं, लेंटेवरच्या दोघांचं. संख्या लहान आहे, हे विसरू नये. मग 2009 मध्ये कर्स्टेन रूम्प आणि रँड यांनी मालकांनी घरी नोंदवलेल्या 55 मांजरांचे आकडे प्रसिद्ध केले: निदानानंतर सहा महिन्यांच्या आत काटेकोर उपचार सुरू झालेल्यांपैकी 84 टक्के मांजरं इन्सुलिनमुक्त झाली. याच दोघींनी पुढे सोमोजींच्या 1938 च्या सिद्धांतालाही हात घातला. साखर फार घसरली की शरीर ती उलट उसळवतं, म्हणून सकाळचा आकडा चढा दिसला तर डोस कमी करा, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जात होतं. ग्लार्जिनवरच्या मांजरांत अशी उसळी क्वचितच सापडली. अनेक मांजरं वर्षानुवर्षं अपुऱ्या डोसवर राहिली त्याला ही शिकवणही जबाबदार असावी, असं मला वाटतं.

जेवणाच्या वेळेचा बाऊही यातूनच कमी झाला. कुत्र्याची साखर जेवणानंतर चढते. मांस खाणाऱ्या, दिवसभर थोडं थोडं चाटणाऱ्या मांजरात तशी ठळक चढण दिसत नाही. त्यामुळे ताटलीपेक्षा दोन डोसांतलं अंतर सांभाळणं महत्त्वाचं. चुकलेला डोस पुढच्यात मिळवायचा नाही, आणि टोचण्याआधीचा आकडाच खाली असेल तर आधी डॉक्टरांना फोन.

आपल्याकडे एक जास्तीची काळजी लागते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या इन्सुलिनच्या कुप्या अजूनही बऱ्याचदा मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, ग्लार्जिन आणि पेनमधलं इन्सुलिन सहसा 100 चं. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी 100 साठी. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं तर डोस अडीचपट होतो. चार किलोच्या, एक-दोन युनिट घेणाऱ्या मांजराला तो जिवावर बेतू शकतो.

2014 मध्ये युरोपात आलेला, कातडीला चिकटून सतत साखर मोजणारा लिब्रे सेन्सर आता मांजरांच्या पाठीवर चिकटवला जातो. माणसावर तो 14 दिवस टिकतो, मांजर तो बऱ्याचदा आधीच काढून टाकतं. पण रात्री दोन वाजता काय चाललं होतं तेही तो दाखवतो. तो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून झपाट्याने घसरताना थोडा मागे पडतो. फार कमी आकडा दिसला की कानावरच्या थेंबाने खातरजमा करावी लागते.

डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेने मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला मान्यता दिली, आणि 2023 मध्ये वेलाग्लिफ्लोझिनच्या द्रवाला. ही औषधं साखर लघवीतूनच बाहेर काढतात, त्यामुळे लघवीची पट्टी कायम रंगलेली. त्याहून अवघड हे, की रक्तातली साखर नेहमीसारखी दिसत असताना मांजर रक्तात आम्लधर्मी कीटोन साठण्याच्या जीवघेण्या अवस्थेत, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जाऊ शकतं. म्हणून त्यांच्याबरोबर कीटोन मोजावे लागतात, आणि आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला बेक्साग्लिफ्लोझिन देत नाहीत. त्या मांजरांसाठी अजूनही 12 तासांची सुईच.