घरच्या कॅमेऱ्यात खग्रास

माझ्याकडे 24 ऑक्टोबर 1995 च्या खग्रास सूर्यग्रहणाची एक व्हिडिओ कॅसेट आहे. राजस्थानातल्या नीम का थाना इथे, सकाळी साडेआठच्या सुमारास, मित्राच्या घरच्या कॅमेऱ्यावर ती भरली. खग्रास अवस्था, म्हणजे सूर्य पूर्ण झाकलेला असतो ती वेळ, पन्नासेक सेकंदांची होती. तेवढ्या वेळात कॅसेटवर दिसतो तो एक पांढरा गोळा. तो फुगतो, धूसर होतो, आकसतो आणि पुन्हा फुगतो. डोळ्यांनी मात्र आम्ही काळीकुळकुळीत चकती पाहिली होती आणि तिच्याभोवती रेशमाच्या लडीसारखं पसरलेलं प्रभाकिरीट, म्हणजे सूर्याचं बाहेरचं विरळ वातावरण.

कॅमेऱ्यात बिघाड काहीच नव्हता. सगळं काही ‘ऑटो’वर होतं, एवढंच. ऑटो कॅमेरा समोरच्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. खग्रास लागताच चौकटीचा बहुतेक भाग काळा होतो, कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला, तो आपलं छिद्र पूर्ण उघडतो आणि मधलं नाजूक प्रभाकिरीट पांढऱ्या लगद्यासारखं दिसायला लागतं. ऑटोफोकसचंही तेच. त्याला ठळक कडा हव्या असतात, त्या सापडेनात म्हणून तो पुढेमागे चाचपडत बसतो. म्हणून फोकस आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) ही दोन्ही बटणं आधीच मॅन्युअलवर नेऊन ठेवायची. फोकस जुळवायला उत्तम वेळ खंडग्रासाची. सूर्याचा प्रखर उजेड अडवणारा फिल्टर लावलेला असताना सूर्याच्या कोरीची टोकं सुईसारखी दिसली की तिथेच थांबायचं आणि मग फोकसला हात लावायचा नाही.

एक्स्पोजरचा सराव पौर्णिमेला करावा. प्रभाकिरीटाचं सूर्यबिंबालगतचं तेज साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतकं असतं आणि चंद्राचं बिंबही आकाशात सूर्याएवढंच दिसतं. चंद्रावरचे डाग स्पष्ट दिसतील अशी जुळणी सापडली की ती वहीत लिहून ठेवायची. खग्रासाच्या वेळी त्याच जुळणीवर आतलं प्रभाकिरीट आणि कडेवरच्या गुलाबी ज्वाला येतात. (तो गुलाबी रंग हायड्रोजनचा, 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीचा.) मग छिद्र टप्प्याटप्प्याने उघडत गेलं की बाहेरचे लांब झोत दिसू लागतात. आतला आणि बाहेरचा भाग एकाच चित्रात नीट येत नाही, कारण दोघांच्या तेजात हजारपटीहून जास्त फरक असतो. तेवढा फरक एका दमात पेलणं डोळ्याला जमतं, घरच्या कॅमेऱ्याला जमत नाही.

झूम किती करावा, याचा हिशेब सोपा आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थला) 110 ने भागलं की कॅमेऱ्याच्या आत पडणाऱ्या सूर्यबिंबाचा व्यास मिळतो. 50 मिलिमीटरच्या भिंगाला तो साधारण 0.45 मिलिमीटर. घरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, अडीच मिलिमीटर उंचीचा धरला, तर सूर्य चौकटीचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापतो. हे प्रमाण अगदी योग्य आहे, कारण प्रभाकिरीटाला बिंबाच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा लागते. ‘डिजिटल झूम’ बंदच ठेवावा. त्याने नवा तपशील येत नाही, आहे तेच चित्र ताणलं जातं.

2 ऑगस्ट 2027 च्या खग्रासासाठी इजिप्तमधल्या लक्झरला जायचं अनेकांनी ठरवलं आहे. तिथे खग्रास सव्वासहा मिनिटांहून अधिक टिकणार आहे. (महाराष्ट्रात त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास, तेही पावसाळी ढगांनी वाट दिली तर.) लक्झरला जाणाऱ्यांनी एक अडचण आत्ताच ध्यानात घ्यावी. भर दुपारची वेळ, सूर्य क्षितिजापासून 80 अंशांहून वर, म्हणजे जवळपास डोक्यावर असणार. बहुतेक साध्या ट्रायपॉडचं डोकं एवढं वर वळत नाही. ऐन वेळी मान मोडून वाकण्यापेक्षा घराच्या गच्चीवर भर दुपारी फिल्टर लावून सूर्य धरून पाहावा. शिवाय सूर्य दर दोन मिनिटांत आपल्या व्यासाएवढा सरकतो. सव्वासहा मिनिटांत तीन व्यास. म्हणून सुरुवातीला त्याला चौकटीच्या एका कडेला ठेवायचं आणि आपोआप मधून पलीकडे जाऊ द्यायचं.

फिल्टर भिंगाच्या पुढेच हवा. कॅमेऱ्यावरचा फिल्टर हिऱ्याच्या अंगठीसाठी (सूर्याचा शेवटचा ठिपका अंगठीतल्या हिऱ्यासारखा चमकतो त्या दृश्यासाठी) खग्रासाच्या दहाएक सेकंद आधी काढता येतो, पण त्या वेळी आपण फक्त स्क्रीनकडे पाहायचं. सूर्याकडे पाहताना डोळ्यांवरचा ग्रहणचष्मा शेवटचा तेजस्वी मणी विझेपर्यंत उतरवायचा नाही, आणि पलीकडच्या कडेला पहिला मणी चमकताच चष्मा आणि फिल्टर दोन्ही परत.

हे मणी म्हणजे चंद्राच्या दऱ्यांमधून येणारा सूर्यप्रकाश. फ्रान्सिस बेलीने 1836 मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना बेलीचे मणी म्हणतात. हौशी निरीक्षक खग्रासपट्ट्याच्या, म्हणजे खग्रास दिसतं त्या भूभागाच्या, अगदी कडेला जाऊन, जिथे मणी जास्त वेळ टिकतात तिथून, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी ते टिपत आले आहेत. प्रत्येक मणी नेमका कुठल्या क्षणी विझला हे अचूक वेळेसह नोंदलं आणि चंद्राच्या कडेच्या नकाशाशी ताडून पाहिलं, तर सूर्याचा व्यास मोजता येतो. घरच्या कॅमेऱ्यातून खरं विज्ञान होऊ शकतं, याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

ग्रहणाच्या चलच्चित्राची गोष्टही आपल्या मातीला लागून जाते. 22 जानेवारी 1898 च्या खग्रासाचा पट्टा कोकणातून भारतात शिरला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाला आले होते, पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला दुर्बिणी मांडून होते, आणि तळणीला खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर यांनी एका छोट्या कॅमेऱ्याने प्रभाकिरीटाचा विलक्षण लांब झोत टिपला. नेव्हिल मॅस्कलिन हे इंग्रज जादूगार याच ग्रहणासाठी भारतात आले आणि त्यांनी ते फिल्मवर घेतलं. परतीच्या प्रवासात ती फिल्म चोरीला गेली. दोन वर्षांनी, 28 मे 1900 रोजी, त्यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात पुन्हा प्रयत्न केला. ती मिनिटभराची फिल्म आजही शाबूत आहे. 1898 च्या फिल्मबद्दल मला अजून हळहळ वाटते.

मॅस्कलिनच्या फिल्मला आवाज नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की दुसरा एक कॅमेरा, नाहीतर मोबाइल, पश्चिमेच्या क्षितिजाकडे तोंड करून पाच मिनिटं आधी चालू करून ठेवा आणि विसरून जा. चंद्राची सावली तिकडूनच येते. माझ्या कॅसेटवर चित्र वाया गेलं, आवाज मात्र शाबूत आहे. आधी गावकऱ्यांची कुजबुज, मग लांबवर मोराची केका, मग शेकडो गळ्यांतून एकदम निघालेला ‘हो’, आणि त्या गलक्यात हातातल्या घड्याळाकडे पाहत सेकंद मोजणारा माझा मित्र. सतरापर्यंत तो मोठ्याने मोजतो. अठरा त्याने म्हटलेलंच नाही.