रेटेड की अनरेटेड : मंडळांतल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या बुद्धिबळ मंडळांच्या सभेत हिशेब मंजूर झाले की एक विषय हमखास पेटतो : वार्षिक स्पर्धा रेटेड करायची का, म्हणजे तिच्यातल्या निकालांवर खेळाडूंचं आंतरराष्ट्रीय रेटिंग (ताकदीचा आकडा) ठरू द्यायचं का? वरवर हा पैशांचा प्रश्न वाटतो. मुळात तो मंडळ कोणासाठी चालवायचं याचा आहे.

देशी पद्धतीचा काळ, म्हणजे प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर जायचं आणि राजाला एकदा घोड्याची अडीच घरं मिळायची, तो इथे बाजूला ठेवू. १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली, १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि हळूहळू गावोगावची मंडळं आंतरराष्ट्रीय नियमांकडे वळली. सांगलीत उन्हाळी सुट्टीतल्या स्पर्धांनी पिढ्या घडवल्या. तिथे तयार झालेल्या एका मुलीने पुढे पाच वेळा महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

त्या काळचं मंडळ म्हणजे शाळेची एक खोली, पट-सोंगट्यांचं कपाट आणि किल्ली सांभाळणारा माणूस. बहुधा शिक्षक, नाहीतर बँकेतला. फेरी संपली की प्रत्येक खेळाडूचं कार्ड टेबलावर गुणांप्रमाणे लावायचं, मागचे प्रतिस्पर्धी आणि रंग बघून जोड्या पाडायच्या. चाळीस-पन्नास खेळाडू असले तरी या कामात जेवणाची सुट्टी जायची. मानधन नाही, चहा मिळायचा. कार्ड लावता लावता नवी पोरं पंचगिरी शिकायची आणि पुढचा कार्यकर्ता तिथेच तयार व्हायचा. हे काम आता सॉफ्टवेअर करतं. सोय झाली, पण ती शिकण्याची जागा गेली.

रेटिंगची आंतरराष्ट्रीय पद्धत १९७० पासूनची, पण गावच्या मंडळाचा तिच्याशी संबंध नव्हता. यादीत यायलाच २२०० लागायचे. ती पायरी उतरत उतरत २०१२ मध्ये १००० वर आली आणि चौथीतला मुलगाही रेटेड होऊ लागला. खरा बदल इथे झाला. तोवर पालक विचारायचे, ‘स्पर्धा कधी आहे?’ आता पहिला प्रश्न ‘रेटेड आहे का?’

रेटेड करायचं तर राज्य संघटनेमार्फत नोंदणी, परवानाधारक पंच, त्यांचं मानधन आणि राहणं, रेटिंग फी, शिवाय क्लासिकल असेल तर लांब डाव. म्हणजे एका रविवारची स्पर्धा चार-पाच दिवसांची होते, शाळेची खोली सोडून मंगल कार्यालय घ्यावं लागतं आणि प्रवेश फी वाढते. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही : मुलांना रेटिंगसाठी पुण्या-मुंबईला न्यायचं तर प्रवास आणि लॉजचा खर्च याहून मोठा. बाहेरचे तगडे खेळाडू गावात येतात, देणगीदारही रेटेड म्हटलं की खिशात हात घालतो.

पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलांना सहसा के-गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, ४० लागतो. बरोबरीच्या रेटिंगवाल्याकडून एक डाव हरला की २० गुण गेले. म्हणून मुलं गुण राखायला खेळतात, पालक स्पर्धा निवडून पाठवतात. आणि शनिवारी संध्याकाळी नेमाने येणारा निवृत्त माणूस, ज्याच्या वर्गणीवर खोलीचं भाडं निघायचं, तो वाढीव फी भरून नऊ वर्षांच्या पोरासमोर चार तास बसत नाही. तो गेला की शनिवारची बैठक विरळ होते. स्पर्धा मोठी आणि मंडळ रिकामं, हे चित्र मला यशाचं वाटत नाही.

मार्च २०२४ मध्ये किमान रेटिंग १४०० झालं आणि २००० खालच्यांना एकदाच वाढ दिली गेली : १००० चा १४०० झाला, १५०० चा १७००. वाद मात्र शमला नाही. चेन्नईचं २०२२ चं ऑलिंपियाड, २०२४ चं जगज्जेतेपद आणि २०२५ मध्ये नागपूरच्या मुलीने जिंकलेला महिला विश्वचषक यांनी मुलांची रीघ लावली. क्लास वाढले. कपाटाची किल्ली घ्यायला मात्र कोणी पुढे येत नाही.

सध्या दोन तोडगे चर्चेत आहेत. एक, वार्षिक स्पर्धा रेटेड, पण गावातल्यांसाठी अनरेटेड गट कमी फीत. दुसरा मला जास्त पटतो : रेटेड स्पर्धेतल्या शिलकीचा ठरावीक भाग शनिवारच्या बैठकीच्या भाड्यासाठी वेगळा काढायचा, आणि मुलाची प्रवेशिका घेताना पालकाकडून महिन्यातली एक संध्याकाळही लिहून घ्यायची.