मेसरश्मिट मी २६२ आणि हिटलरचा हट्ट

‘हिटलरने मेसरश्मिट मी २६२ या जेट विमानाला बॉम्बफेकी करायला लावलं, नाहीतर अमेरिकी बॉम्बरांची खैर नव्हती’ ही गोष्ट युद्धानंतर जर्मन सेनानींनीच चवीने सांगितली. मेलेल्या हिटलरवर खापर फोडणं सोपंच होतं म्हणा!

हट्ट खरा होता, पण गाडी अडली होती इंजिनापाशी. जेटच्या जोरावर हे विमान १८ जुलै १९४२ रोजी उडालं. मात्र त्याच्या युमो ००४ या जेट इंजिनाचं घाऊक उत्पादन १९४४च्या मध्याशिवाय मार्गी लागलं नाही. उष्णता सोसणाऱ्या पोलादाला लागणाऱ्या निकेल, क्रोमियमचा दुष्काळ. म्हणून ज्वलनकक्षासाठी साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा मुलामा. असं इंजिन जेमतेम १० ते २५ तास टिके. इंजिनच नाही, तर विमान बॉम्बर म्हणा की फायटर, उडणार कशावर?

आणि उडाल्यावर? १८ मार्च १९४५ला बर्लिनवर बाराशेच्या वर बॉम्बर आले, त्यांच्यावर गेली ३७ जेट. वेग इतका की नेम धरायला क्षणच मिळे. उतरताना मंदावलेल्या जेटना अमेरिकी मुस्तांग फायटर विमानं धावपट्टीजवळच गाठत.

जर्मन वैमानिकांचे विमानं पाडल्याचे दावे वाचताना अमेरिकी बेपत्ता-विमान अहवाल, म्हणजे न परतलेल्या विमानांच्या नोंदी, शेजारी ठेवावेत. आकडे बरेचदा आक्रसतात.