दरवर्षी शिक्षक बदलायची पद्धत आली कुठून?

मुलं वरच्या इयत्तेत गेली की त्यांच्या वर्गशिक्षक बाईपण त्यांच्याबरोबर वर गेल्या, असं कुठे झालं की लोक लगेच म्हणतात, हे काय नवीन काढलं? मला तर हे नेहमी उलटं वाटतं. नवीन आहे ती दरवर्षी शिक्षक बदलायची पद्धत, आणि तिला अजून दोनशे वर्षंही धड झालेली नाहीत.

आधी बहुतेक ठिकाणी एक खोली, एक मास्तर आणि सहा वर्षांच्या पोरापासून चौदा-पंधराच्या मुलापर्यंत सगळे तिथेच, त्यामुळे मास्तर टिकला तर तोच मास्तर वर्षानुवर्षं, यात कुणाला काही विशेष वाटायचं कारणच नव्हतं. वयाप्रमाणे वर्ग पाडायची पद्धत प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्यात, रुळली होती, ती 1843 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे शिक्षणाधिकारी होरेस मान यांनी जाऊन बघितली आणि परत येऊन तिचं भरपूर कौतुक केलं. मग 1848 मध्ये बॉस्टनला क्विन्सी ग्रामर स्कूल सुरू झालं, जॉन फिलब्रिक तिथले मुख्याध्यापक. बारा वर्गखोल्या, प्रत्येक खोलीत एक शिक्षक, प्रत्येक मुलाला स्वतःचं बाक. शहरं वाढत होती, पोरांचे लोंढे येत होते, आणि एका शिक्षकाला एकाच इयत्तेचा पोर्शन दिला की त्याला तयार करणंही सोपं आणि त्याच्यावर देखरेख ठेवणंही सोपं. पण यात झालं काय, तर शिक्षक मुलांचा न राहता इयत्तेचा झाला, 'चौथीच्या बाई' झाला. हा निर्णय मुलांना काय बरं पडेल हे बघून झाला असं मला तरी वाटत नाही, तो व्यवस्थेच्या सोयीचा होता.

यात काय हातातून जातं हे लोकांना लवकरच कळलं. 1913 मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ एज्युकेशनने, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या शिक्षण कार्यालयानेच, हा प्रश्न मांडला होता, की शहरातल्या शाळांमध्ये शिक्षकांनी दोन, तीन, चार वर्षं मुलांबरोबर वर जावं का, म्हणजे त्यांना ती मुलं नीट ओळखता येतील.

ही ओळख म्हणजे काय ते शिकवणाऱ्यालाच विचारा. उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारा मुलगा, ही असली माहिती कुठल्याच प्रगतिपुस्तकात नसते, ती गोळा व्हायला महिने जातात आणि झाली की वर्ष संपतं.

सगळ्यात लांब गेले ते वॉल्डॉर्फ शाळावाले. जर्मनीत श्टुटगार्टला वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया या सिगारेट कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांना सोबत घेऊन सप्टेंबर 1919 मध्ये शाळा काढली, तिथे पहिली ते आठवी एकच वर्गशिक्षक. आठ वर्षं! इटलीत प्राथमिकची पाचही वर्षं साधारण तेच शिक्षक असतात, आणि जपानमध्ये दोन वर्षं तोच वर्ग ठेवणं इतकं नेहमीचं आहे की त्याला मोचिआगारी असा शब्दच आहे. अमेरिकेत मात्र हे 1990 च्या दशकात 'लूपिंग' या नावाने नव्याने आल्यासारखं आलं.

आकड्यांत फायदा छोटा दिसतो, तो फुगवून सांगू नये. हिल आणि जोन्स या दोघा संशोधकांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा डेटा तपासला तर दुसऱ्यांदा त्याच शिक्षकाकडे आलेल्या मुलांचे मार्क थोडेसे वाढलेले दिसले. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांचा अमेरिकेतल्याच ह्युस्टन शहरातला प्रयोग छापून आला, तिथे 50 प्राथमिक शाळांपैकी काहींमध्ये शिक्षकांना विषय वाटून दिले होते, म्हणजे जो ज्यात चांगला त्याने तेवढंच शिकवायचं, वरवर किती शहाणपणाचं वाटतं, पण मार्क उलट कमी झाले. एकेका शिक्षकाकडे मुलं जास्त झाली की एकेकाकडे लक्ष द्यायला वेळ उरत नाही, हे त्यामागचं कारण असावं असं त्यांचं म्हणणं.

आता अडचणी. शिक्षकाला दरवर्षी नवा पोर्शन तयार करावा लागतो, हे काम कमी नाही आणि त्यासाठी वेळ दिलाच पाहिजे. आणि एखाद्या मुलाचं त्या बाईंशी पटलंच नाही तर? ही भीती मला अगदी रास्त वाटते, आठ वर्षांसाठी तर फारच. म्हणूनच असेल, बऱ्याच शाळा दोनच वर्षांवर थांबतात आणि पालकांनी सांगितलं तर मुलाची तुकडी बदलून देतात.