पक्षासाठी की वंशासाठी? मिडटर्मआधीच्या मतदारसंघांच्या नकाशांमागची गोष्ट

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या टर्मच्या मध्यावर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक होते, तीच मिडटर्म. त्याआधी टेक्सासने 2025 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या आपल्या 38 सीट्सचा नकाशा पुढच्या सेन्ससची (जनगणनेची) वाट न बघता मध्येच बदलला, आणि रिपब्लिकन पक्षाला पाच सीट्स जास्त हव्यात म्हणून बदलतोय हे लपवलंसुद्धा नाही. बऱ्याच जणांना प्रश्न पडला की इतकं उघड कसं काय बोलतात, कोर्टात अडकणार नाहीत का? तर खरी गोष्ट अशी की उघड बोलण्यातच त्यांची सुटका आहे.

आपल्याकडे लोकसभेच्या सीमा परिसीमन आयोग आखतो, तिकडे बहुतेक राज्यांत तिथले आमदारच आखतात. ब्लॅक नागरिकांना मताचा हक्क कागदावर 1870 मध्ये मिळाला, दक्षिणेत तो हातात आला 1965 च्या कायद्यानंतर, मधली पंच्याण्णव वर्षं पोल टॅक्स, वाचनाच्या परीक्षा आणि मारहाणीत गेली. त्या कायद्यातलं सगळ्यात कामाचं कलम पूर्वपरवानगीचं. जिथे भेदभावाचा इतिहास आहे अशा राज्यांनी निवडणुकीचा कुठलाही नियम किंवा नकाशा बदलायच्या आधी केंद्राची परवानगी घ्यायची, यात भेदभाव नाही हे सिद्ध करायची जबाबदारी राज्याची. 2006 मध्ये हे कलम अजून 25 वर्षांसाठी वाढवलं तेव्हा सिनेटमध्ये 98 विरुद्ध 0 मतं पडली होती! आणि 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5-4 ने ते निकामी केलं, कारण कुठली राज्यं यात येतात ते ठरवणारं सूत्र जुनं झालंय. तेव्हापासून नकाशा आधी लागू होतो, मग मतदाराने केस करायची आणि निकाल लागेपर्यंत दोन-तीन निवडणुका होऊन जातात.

पण माझ्या मते खरा गुंता याच्याही आधीचा आहे आणि तो नॉर्थ कॅरोलिनात बघायला मिळतो. तिथला 12 नंबरचा डिस्ट्रिक्ट (म्हणजे मतदारसंघ) 1990 च्या दशकात हायवेच्या कडेकडेने लांबलचक ओढून काढलेला, ब्लॅक मतदार एकत्र यावेत म्हणून. 1993 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की मुख्य हेतू वंश असेल तर असा नकाशा घटनेत बसणं अवघड आहे. राज्याने तो थोडा बदलला, परत केस झाली, आणि 2001 मध्ये त्याच डिस्ट्रिक्टबद्दल कोर्टाने 5-4 ने सांगितलं की हे वंशामुळे नाही, डेमोक्रॅट मतदार एकत्र करायचे म्हणून केलंय, त्यामुळे चालेल. म्हणजे वंशासाठी केलं तर अडचण, पक्षासाठी केलं तर नाही, हा धडा सगळ्या राज्यांना तिथेच मिळाला.

मग त्या राज्यात रिपब्लिकन सत्तेत आले. त्यांनी 2011 मध्ये काढलेला नकाशा 2016 च्या सुरुवातीला फेडरल (केंद्राच्या) कोर्टाने वंशाच्या मुद्द्यावर रद्द केला, तोपर्यंत 2012 आणि 2014 च्या निवडणुका त्याच नकाशावर होऊन गेल्या होत्या. नवीन नकाशा करताना कमिटीच्या एका प्रमुखाने रेकॉर्डवर सांगितलं की 10 रिपब्लिकन आणि 3 डेमोक्रॅट अशी विभागणी आम्ही करतोय, कारण 11-2 जमेल असं वाटत नाही. यात कबुली कमी आणि कोर्टासाठी तयार ठेवलेलं उत्तर जास्त होतं. आणि ते उत्तर चाललं, 2019 च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्ट 5-4 ने म्हणालं की पक्षीय फायद्यासाठी काढलेले नकाशे अन्यायकारक वाटू शकतात, पण त्यावर फेडरल कोर्ट निर्णय देऊ शकत नाही. त्याच निकालात मेरीलँडमधल्या डेमोक्रॅटांच्या नकाशाचीही केस होती, हे नमूद करायला हवं. काँग्रेसने कायदा करून हे थांबवायचा प्रयत्न केला तो 2022 च्या जानेवारीत सिनेटमध्येच अडकला.

आता अडचण अशी आहे की दक्षिणेत वंश आणि पक्ष वेगळे काढणार कसे? ब्लॅक मतदारांपैकी दहातले साधारण नऊ डेमोक्रॅटना मत देतात, त्यामुळे ब्लॅक वस्ती दोन डिस्ट्रिक्टमध्ये तोडली की डेमोक्रॅट मतं आपोआप तुटतात आणि तोडणारा म्हणतो मी फक्त पक्ष बघितला. साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टन भागातले जवळपास 30,000 ब्लॅक मतदार एका डिस्ट्रिक्टमधून बाहेर काढले गेले, खालच्या कोर्टाने ते वंशावरून केलं असं मानलं, पण 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6-3 ने निकाल फिरवला, विधिमंडळाचा हेतू चांगलाच आहे असं धरून चालायचं आणि वंश व पक्ष वेगळे करून दाखवायचं काम तक्रार करणाऱ्याचं. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण नकाशा कसा काढला याची सगळी माहिती ज्याने काढला त्याच्याकडेच असते.

एक वाट उरली होती, 1965 च्या कायद्याचं कलम 2, ज्यात हेतू नाही तर परिणाम बघतात. त्यावर अलाबामाचे मतदार 2023 मध्ये 5-4 ने जिंकले आणि ब्लॅक मतदारांना संधी असलेला दुसरा डिस्ट्रिक्ट मिळाला. लुइझियानातही तसाच दुसरा डिस्ट्रिक्ट झाला, तर काही मतदारांनी उलट केस टाकली की हाच वंशावर आधारलेला आहे, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ती केस दुसऱ्यांदा ऐकताना सुप्रीम कोर्टाने असा डिस्ट्रिक्ट मुद्दाम काढणंच घटनाबाह्य आहे का हा प्रश्न समोर घेतला.

टेक्सासमध्ये गाडी थोडी घसरली होती ती केंद्राच्या न्याय खात्याच्या पत्रामुळे. त्यात काही डिस्ट्रिक्ट वंशाच्या कारणावरून बदला असं लिहिलेलं, आणि आमदार मात्र सांगत होते की फक्त पक्ष. त्या पत्रावर बोट ठेवून फेडरल कोर्टाने नोव्हेंबरमध्ये 2-1 ने नकाशा थांबवला, पण डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी उठवली आणि तीन न्यायाधीशांनी वेगळं लिहिलं की टेक्सास काय आणि कॅलिफोर्निया काय, दोन्हीकडे हेतू निव्वळ पक्षीय फायद्याचा आहे.

कॅलिफोर्नियात काँग्रेसचे नकाशे 2010 च्या मतदानानंतर आमदारांकडून काढून स्वतंत्र कमिशनकडे दिले होते. टेक्सासला उत्तर म्हणून 2025 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनीच मोठ्या बहुमताने त्या कमिशनचा नकाशा 2030 पर्यंत बाजूला ठेवला, इथेही टार्गेट पाच सीट्सचंच, फक्त डेमोक्रॅटांसाठी. 2024 मध्ये हाऊसचा, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचा, निकाल 220 रिपब्लिकन विरुद्ध 215 डेमोक्रॅट असा लागला होता, म्हणून पाच-पाच सीट्ससाठी इतकी धडपड.