जोखीम श्रीमंत देशांत, मृत्यू गरीब देशांत

२०१४ साली ‘प्युअर’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले आणि हृदयविकार हा सुबत्तेचा आजार, ही जुनी समजूत डळमळली. १७ देशांतल्या दीड लाखाहून अधिक प्रौढांवर संशोधकांनी सरासरी चार वर्षं लक्ष ठेवलं होतं. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, आहार, हालचाल, मनावरचा ताण अशा बाबींना गुण देऊन त्यांनी जोखीम मोजली. ती सर्वांत जास्त निघाली श्रीमंत देशांत आणि सर्वांत कमी गरीब देशांत. इथवर नवल काहीच नव्हतं. पण हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदय निकामी होणं आणि त्यातून येणारे मृत्यू मोजले, तेव्हा क्रम नेमका उलटा लागला. श्रीमंत देशांत दर हजारी वर्षाला सुमारे ४ घटना, गरीब देशांत ६.४. असा झटका आल्यावर दगावणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के, तर गरीब देशांत १७.३ टक्के.

जोखीम कमी आणि मरण जास्त, हे कोडं एका दिवसात तयार झालेलं नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत या आजारांकडे कोणी कुठून पाहिलं, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

पाहायला सुरुवात झाली ती अमेरिकेत. एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता. दोन महिन्यांपूर्वी, याल्टा परिषदेच्या वेळीही तो २६०/१५० होता. आज हे आकडे ऐकून कोणीही रुग्णवाहिका बोलावेल. त्या काळी मात्र वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असं मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. १९४८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय हृदय कायदा केला आणि त्याच वर्षी मॅसेच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन तपासणी सुरू झाली. ‘जोखीम घटक’ ही कल्पना १९६१ साली याच अभ्यासाच्या निबंधातून रूढ झाली. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचं हृदयविकाराशी असलेलं नातं तिथेच पक्कं झालं. फ्रॅमिंगहॅमचं ऋण मोठं आहे. पण तिथले बहुतेक लोक गोरे आणि मध्यमवर्गीय होते. त्या एका गावावरून बनवलेली मोजपट्टी पुढे साऱ्या जगाला लावली गेली, हे लक्षात ठेवायला हवं.

१९७१ मध्ये अब्देल ओमरान यांनी मांडलेल्या ‘साथरोग संक्रमणा’च्या सिद्धांताने या दृष्टीला चौकट दिली. आधी दुष्काळ आणि साथींचं युग, मग साथी ओसरण्याचं, शेवटी शरीर झिजवणाऱ्या आणि मानवनिर्मित आजारांचं. हा क्रम सगळीकडे एकाच वेगाने चालत नाही, हे ओमरान यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण धोरण ठरवणाऱ्यांनी त्यातून सोयीचा तेवढा अर्थ घेतला: आजारांनी रांगेत यायचं, गरिबांनी आधी हिवताप-क्षय उरकायचे आणि सुबत्ता आली की मधुमेहाचा नंबर. क्षय आणि मधुमेह एकाच घरात, किंबहुना एकाच शरीरात राहू शकतात, याला त्या रांगेत जागा नव्हती.

खरं तर हृदयविकार सुबत्तेचा, हा समज श्रीमंत देशांतच आधी फुटला होता. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ साली सुरू झाला. ताण साहेबांना, म्हणून हार्ट अटॅकही साहेबांनाच, अशी तेव्हाची धारणा. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या आकड्यांत शिपाई, दारवान अशा तळच्या श्रेणीतल्या पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर सर्वोच्च श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाला. यातलं कोणीही उपाशी नव्हतं, सगळ्यांना पगार होता, सरकारी आरोग्यसेवा सर्वांना खुली होती. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही फरकाचा मोठा भाग उरलाच. आणि पायऱ्या उतरत जावं तसा दर वाढत गेला, अगदी वरून दुसऱ्या पायरीवरही.

संपत्ती, गरिबी आणि चयापचय यांचा गुंता सर्वांत उघडपणे दिसला तो प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटावर. क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर. बेटावर फॉस्फेटचे साठे होते. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, खाणी स्वतःच्या ताब्यात आल्या आणि काही वर्षांतच दरडोई उत्पन्नात हा देश जगातल्या अव्वल देशांत जाऊन बसला. मासेमारी आणि शेती मागे पडली, कष्टाची कामं बाहेरून आणलेले मजूर करू लागले, खाणं जहाजाने येऊ लागलं. १९७५ मध्ये पॉल झिमेट यांच्या पथकाने तपासणी केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह असल्याचं आढळलं. इतकं प्रमाण तोवर जगात फार थोड्या ठिकाणी दिसलं होतं. ‘सुबत्तेचा आजार’ म्हणायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? पण गोष्ट पुढे गेली. साठे संपत आले, गुंतवणुकी बुडाल्या, देश कफल्लक झाला. मधुमेह मात्र गेला नाही. खोदलेल्या जमिनीवर शेती परत उभी राहणं अवघड होतं आणि डबाबंद अन्नच आता हाताशी होतं. पैसा आल्याने आलेला आजार पैसा गेल्यावर बरा होत नाही, उलट उपचारांचा आधार तेवढा निसटतो.

अशा समूहांत दोष रक्तातच असावा, असं वाटणं स्वाभाविक होतं. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली: दुष्काळात तगायला मदत करणारी जनुकं भरल्या ताटापुढे घातक ठरतात. अ‍ॅरिझोनातले पिमा आदिवासी हे याचं नेहमीचं उदाहरण. पण सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या डोंगरांत, जनुकीयदृष्ट्या अगदी जवळचे पिमा राहतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकेतल्या पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के, तर मेक्सिकोतल्यांमध्ये सुमारे ७ टक्के आढळला. अमेरिकेतल्या पिमांची शेती ज्या गिला नदीवर होती, तिचं पाणी एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला वसलेल्या लोकांनी वळवलं. शेतं सुकली आणि पुढे सरकारी शिध्यातलं पांढरं पीठ, साखर, चरबी यांवर दिवस काढावे लागले. जनुकांचा वाटा असेल, नाकारायचं कारण नाही. पण नदी वळवली ती जनुकांनी नव्हे.

दुसरं उत्तर आलं इंग्लंडमधून, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं ते सर्वांत महत्त्वाचं. १९८६ मध्ये डेव्हिड बार्कर आणि क्लाइव्ह ऑस्मंड यांनी दाखवलं, की इंग्लंड-वेल्सच्या ज्या भागांत १९२१ ते १९२५ दरम्यान तान्ही मुलं जास्त दगावत होती, त्याच भागांत १९६८ ते १९७८ मध्ये हृदयविकाराचे मृत्यूही जास्त होते. म्हणजे एकेकाळची गरिबी चाळीस-पन्नास वर्षांनी हृदयात उमटली होती. १९९२ मध्ये बार्कर यांनी निकोलस हेल्स यांच्यासोबत सिद्धांत मांडला: गर्भात अन्न अपुरं पडलं तर बाळाचं शरीर मेंदू वाचवण्यासाठी स्वादुपिंड, स्नायू यांच्यात काटछाट करतं, आणि पुढे खाणं वाढलं की हीच काटछाट मधुमेहाला वाट देते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने याला वेगळं परिमाण दिलं. तिथल्या ग्रामीण नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण पुण्याच्या बाळांत स्नायू जितके कमी होते, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. दिसायला बारीक, घडणीने चरबीदार. उपासमार आणि अतिपोषण ही दोन टोकं आहेत, असं मानणाऱ्यांना हे पचवणं जड गेलं. ती एकाच माणसाच्या आयुष्यातली दोन प्रकरणं असू शकतात.

दरम्यान या विकारांची मोटही बांधली गेली. पोटावरची चरबी मांड्यांवरच्या चरबीहून घातक, हे मार्सेचे डॉक्टर झाँ व्हाग १९४७ पासून सांगत होते. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, वाढलेला रक्तदाब, बिघडलेली साखर आणि चरबी यांना एका सूत्रात ओवलं. आजचा ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ त्यातूनच आला. निकष पुन्हा पुन्हा बदलले. त्यातला एकच बदल इथे महत्त्वाचा: २००५ मध्ये कमरेच्या घेराची मर्यादा वंशगटानुसार वेगळी झाली, युरोपीय पुरुषांसाठी ९४ सेंटिमीटर, तर दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९०. फ्रॅमिंगहॅमची पट्टी सगळ्यांना बसत नाही, याची ही उशिरा का होईना दिलेली कबुली.

याच काळात श्रीमंत देशांतले हृदयविकाराचे मृत्यू उतरत होते. अमेरिकेत ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिखरावर होते, मग घसरू लागले. फिनलंडच्या उत्तर कारेलिया भागात १९७२ पासून लोणी, मीठ आणि सिगारेटविरुद्ध गावोगाव मोहीम चालली, आणि काही दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतले हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. पुढे रक्तदाबाच्या गोळ्या, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधं, अतिदक्षता विभाग यांची भर पडली. आजार तिथे संपला नाही, तो सांभाळला जाऊ लागला. ‘प्युअर’च्या कोड्याचा मोठा भाग इथेच सुटतो.

इतरत्र मात्र रांगेचंच तत्त्व चालू राहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत एचआयव्ही आणि हिवताप होते, मधुमेह किंवा रक्तदाबाचा उल्लेखही नव्हता. आंतरराष्ट्रीय निधी त्याच यादीमागे गेला. असंसर्गजन्य आजारांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली उच्चस्तरीय बैठक व्हायला सप्टेंबर २०११ उजाडलं. तोवर लठ्ठपणा शहर सोडून बाहेर पडला होता: १९८५ ते २०१७ या काळात जगाचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, जितका वाढला, त्यातला ५५ टक्क्यांहून अधिक वाटा ग्रामीण भागाचा होता.

२०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांनी किमान ४ कोटी ३० लाख लोक गेले. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. सत्तरीच्या आत गेलेल्यांपुरतं पाहिलं तर हा वाटा ८२ टक्क्यांवर जातो. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मधुमेहासाठी २०३० पर्यंतची लक्ष्यं ठरवली. टाइप १ च्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, प्रत्येक रुग्णाला परवडणारं इन्सुलिन, हे त्यातलं एक. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये. मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात आहे आणि मधुमेहाच्या सर्वांत स्वस्त औषधांत मोडतं. तरी २०२२ मध्ये तिशीपुढच्या मधुमेहींपैकी ५९ टक्के, म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस कोटी लोक, मधुमेहाचं कोणतंही औषध घेत नव्हते.