ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य: बोटफेरीची परवानगी, कागदपत्रं आणि भरतीचं गणित

फ्लेमिंगो बघायला ठाणे खाडीच्या काठी, नवी मुंबईतल्या ऐरोलीला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी रविवार पक्का करतात आणि मग बुकिंग शोधायला बसतात. इथे क्रम उलटा हवा. तारीख आणि वेळ खाडीचं पाणी ठरवतं. अर्जाचा भाग त्यामानाने अगदीच किरकोळ.

तरी आधी परवानगीचं बघू. ठाणे खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग 6 ऑगस्ट 2015 रोजी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. व्यवस्थापन वनविभागाच्या कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) कक्षाकडे आहे. अभयारण्य म्हटलं की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 27 आलं, म्हणजे परवान्याशिवाय प्रवेश नाही. हा परवाना कोणत्या कामासाठी मिळतो ते कलम 28 सांगतं: वन्यजीवांचा अभ्यास, संशोधन, छायाचित्रण आणि पर्यटन. साध्या पर्यटकाला यासाठी कोणाच्या टेबलाशी खेटे घालावे लागत नाहीत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटफेरीचं आरक्षण केलं की काम झालं. खाडीत मासेमारीच्या होड्या दिसतात म्हणून एखाद्याशी परस्पर सौदा करून आत शिरू नका. ते बेकायदा आहे.

आता पाण्याकडे वळू. ओहोटीला चिखलाची मैदानं उघडी पडतात आणि पक्षी तिथेच चरतात. पण बोटीला पाणी लागतं. पूर्ण ओहोटीत बोट निघत नाही. उलट उधाणाच्या ऐन भरतीला सगळा चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर जाऊन बसतात. म्हणजे बोट तर फिरते, पण समोर नुसतं पाणी! हवी ती वेळ या दोन्हींच्या मधली: पाणी चढत असताना चिखलाचा शेवटचा पट्टा उरलेला असतो तेव्हाची, किंवा भरती ओसरू लागल्यावर तो पहिल्यांदा वर येतो तेव्हाची. पट्टा अरुंद असल्यामुळे पक्षी दाटीने उभे राहतात आणि चोच उलटी करून चिखलात फिरवत चरताना जवळून दिसतात.

भरतीची वेळ काढायचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आजही उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट करा. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हा अंदाज झाला. बुकिंगआधी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे या शनिवारी जमलेली फेरी पुढच्या शनिवारी त्याच वेळेला जमेलच असं नाही.

हंगाम नोव्हेंबर ते मे. मला विचाराल तर जानेवारीच्या आधी घाई करू नये. सुरुवातीला थवे विरळ असतात आणि राखाडी रंगाची पिल्लं बघून 'गुलाबी कुठे आहेत?' असं विचारत लोक हिरमुसतात.

आरक्षण ऑनलाइन होतं. उपलब्ध फेऱ्यांमधून तारीख आणि वेळ निवडायची, प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच भरायचं आणि पैसे तिथेच भरायचे. पावती फोनमध्ये ठेवा आणि आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एक मूळ कागद जवळ असू द्या. परदेशी पाहुणे असतील तर पासपोर्ट. शिक्षणाची किंवा रहिवासाची कसलीही अट नाही. सुट्टीच्या दिवसांच्या चांगल्या वेळा लवकर संपतात. सवड असेल तर मधला वार बघा.

संशोधन किंवा चित्रीकरण करायचं असेल तर मात्र पर्यटकाचं तिकीट पुरत नाही. कलम 28 चा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यावा लागतो आणि राज्यातलं त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्जासोबत संस्थेचं पत्र, कामाचा उद्देश, ठिकाण, कालावधी, माणसांची नावं आणि उपकरणांची यादी जोडा. पक्षी पकडून पायात कडी घालायची असेल तर कलम 12 खाली वेगळी परवानगी लागते. ड्रोन पर्यटकाच्या सामानात नकोच. हे अर्ज हंगामाच्या बरेच आधी करा. फाइल फिरेपर्यंत पक्षी परतीला लागतात.

बोटीत लाइफ जॅकेट घालावंच लागतं. पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणं, ओरडणं किंवा पाण्यात वेफरची पाकिटं टाकणं हा केवळ असभ्यपणा नाही. प्राण्यांना छेडायला आणि कचरा टाकायला कलम 27 मध्येच मनाई आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर कायदा मोडल्यास साधारणपणे 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, दुर्बीण असेल तर उत्तम. थव्यांच्या मागे कांदळवनाच्या कडेलाही नजर असू द्या, तिथे कधीकधी कोल्हा दिसतो.